वरची वाट, खालची वाट

भोरच्या कॉलेजात संगणकाची खोली सकाळी पावणेआठला उघडते, आणि गेली एकोणीस वर्षं ती अकिला मणेरच उघडते. पगारपत्रकात तिच्या नावापुढे ‘प्रयोगशाळा परिचर’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे बावीस यंत्रांवरची कापडं काढायची, घड्या करून कपाटात ठेवायच्या, कोणता माउस अडतो, कुठल्या कीबोर्डचं बटण बसलंय ते वहीत मांडायचं, प्रॅक्टिकलला कागद पुरवायचे आणि मुलं गेली की पंखे बंद करून कुलूप लावायचं. या कामात प्रोग्रॅम लिहिणं कुठंच बसत नाही. तरी आज जगात कुठं कुठं, अकिलाला नकाशावरही सापडणार नाहीत अशा गावांत, तिनं लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. हे कसं झालं ते सांगण्यासारखं आहे.

अकिलाचे वडील इस्माईल मणेर एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. आजोबांपर्यंत घरात बांगड्यांचा धंदा. इस्माईलभाईंनी काचेऐवजी लोखंड धरलं. अकिला बारावीला शास्त्र शाखेत चांगल्या गुणांनी पास झाली, बीएस्सीचं एक वर्षही झालं, आणि आई अंथरुणाला खिळली. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. शिक्षण सुटलं ते सुटलंच. आई गेल्यावर याच कॉलेजात परिचराची जागा निघाली, ती तिला मिळाली. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही, ही गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायचा अकिलाला कंटाळा आहे.

सर शिकवायचे तेव्हा ती खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असायची, कुणाचं यंत्र अडलं तर धावायला. दर वर्षी तोच अभ्यासक्रम, तेच दाखले, मुलांच्या त्याच चुका. एकच धडा एवढी वर्षं ऐकल्यावर भिंतसुद्धा बोलायला लागली असती. अकिला तर माणूस होती. कुणाचा प्रोग्रॅम चालला नाही की ती हळूच म्हणायची, “तिसऱ्या ओळीत कंस राहिलाय बघ.” मुलं तिला ‘अकिलाताई’ म्हणायची आणि सरांच्या आधी तिला विचारायची.

मग करोना आला. कॉलेजला टाळं लागलं. यंत्रं बंद राहून खराब होऊ नयेत म्हणून आठवड्यातून दोन दिवस ती चालू करून बघावीत, असा प्राचार्यांचा निरोप आला. किल्ली अकिलाकडेच होती. बावीस यंत्रं चालू करायला अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस ती त्या रिकाम्या खोलीत खिडकीपाशी बसून पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकली. कुणी शिकवायला नव्हतं, तसं कुणी हसायलाही नव्हतं.

कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा भूगोलाच्या कुंडलिक शिळीमकर सरांनी एक मोठं काम काढलं होतं. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या सगळ्या पायवाटांचा नकाशा. घाटात दरड कोसळली की डांबरी रस्ता बंद होतो, आणि मग वस्त्यांना जोडून राहते ती पायवाट. पण त्या वाटा कुठल्याच सरकारी कागदावर धड नव्हत्या. सरांनी दोन वर्षं मुलं पाठवली. मोबाईल हातात धरून मुलं पानशेतच्या धरणकाठापासून वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत चालली. प्रत्येक वळणाला एक ठिपका, दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. अशा ठिपक्या-रेघांच्या जाळ्याला संगणकाच्या भाषेत ग्राफ म्हणतात. शाळेतल्या आलेखाच्या कागदाशी त्याचा संबंध नाही. सरांच्या ग्राफमध्ये चार लाखांवर ठिपके जमले.

जमले खरे, पण दिसेनात. ग्राफ काढून दाखवणारी तयार सॉफ्टवेअरं असतात. त्यांना आपली माहिती त्यांच्या त्यांच्या साच्यात लिहून द्यावी लागते. असं लिहून देणारा एक प्रोग्रॅम सरांनी इंटरनेटवरून मिळवला होता; तो लावला की यंत्र पाच मिनिटं घुरघुरायचं आणि गप्प व्हायचं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पुण्याचे एक तज्ज्ञ येऊन म्हणाले, “हे यंत्र फेका, मोठं घ्या.” नवं यंत्र कुठून येणार? सर डोकं धरून बसले.

अकिला शेजारच्या टेबलाखालची वायर बसवत होती. ती उठून म्हणाली, “सर, एक सांगू?”

“सांगा की.”

“तो प्रोग्रॅम आधी सगळं डोक्यात साठवतो आणि मग लिहायला घेतो. आपल्या यंत्राचं डोकं दोन जीबीचं. साठवतानाच भरून जातं. साठवायचंच कशाला? एक ठिपका वाचला की एक ठिपका लिहायचा आणि विसरून जायचं. गिरणीत अख्खं पोतं जात्यात कोंबतं का कुणी? वरून मूठमूठ पडतं, खालून पीठ निघतं.”

सरांनी तिच्याकडे बघितलं. “असा प्रोग्रॅम आहे कुठं?”

“मिळाला न्हाई मला. लिहून बघते.”

हे बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. घरी जाऊन तिनं दोनदा चहात साखर घातली.

लिहायला तिला चार महिने लागले. सुटीच्या दिवशी आणि दुपारच्या मोकळ्या तासात ती बसायची. मूळ कल्पना सोपी होती, पण एकेक नड निघत गेली. एका सॉफ्टवेअरला फाईलच्या पहिल्याच ओळीत एकूण ठिपके किती ते हवं असायचं. आता वाचायच्या आधीच आकडा कसा कळणार? आणि मोजायला म्हणून सगळी माहिती दोनदा वाचायची तर वेळ दुप्पट. चार दिवस ती त्यावर अडली. पाचव्या दिवशी परीक्षेच्या हॉलबाहेर उभी असताना तिनं पर्यवेक्षकांना बघितलं. त्यांनी पानावर वरती ‘एकूण हजर’ची जागा कोरी सोडली होती आणि खाली सह्या घेत चालले होते. शेवटची सही झाली की वर आकडा भरायचा. अकिला तशीच लॅबमध्ये आली. पहिल्या ओळीत बारा कोऱ्या जागा सोडल्या, सगळं लिहून झाल्यावर प्रोग्रॅमला परत वर पाठवून तिथं आकडा भरायला लावला. फाईल उघडली. तिनं आनंदानं टेबलावर थाप मारली, ती इतक्या जोरात की शेजारच्या खोलीतले गणिताचे सर बघायला आले.

मग गावांची नावं. ‘हिर्डोशी’ लिहिलं की पडद्यावर नुसते चौकोन उमटायचे. ती दुरुस्ती झाली तर एका मुलानं शेऱ्यात लिहिलेलं ‘उतार < ३०’ यातलं ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आडवं आलं आणि फाईल तिथंच फुटली. तेही निस्तरलं. पावसाळ्यात भोरची लाईट जायची आणि तीन तासांचं काम पाण्यात. लॅबच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या. म्हणून तिनं प्रोग्रॅमला खूण ठेवायला शिकवलं: दर हजार ठिपक्यांनंतर कुठवर आलो ते एका छोट्या फाईलमध्ये नोंदायचं, लाईट आली की तिथूनच पुढे. पुण्याच्या तज्ज्ञांच्या ऑफिसात लाईट जात नसेल. त्यांना हे सुचण्याचं कारणच नव्हतं.

एका गुरुवारी, पावणेतीन वाजता, चार लाख ठिपके त्याच जुन्या यंत्रातून सुखरूप बाहेर पडले. पडद्यावर आधी एक करडा डाग दिसला, मग मोठा करत गेल्यावर त्यातून डोंगरांच्या धारा, खिंडी, वस्त्या उलगडत गेल्या. शिळीमकर सर खुर्चीतून उठले, परत बसले. म्हणाले, “अकिलाताई, हे बघा, ही माझ्या मामाच्या गावची वाट. मी हिच्यावरून शाळेत गेलोय.” आणि चष्मा पुसत राहिले.

संगणक विभागात तेव्हा नव्यानं आलेल्या रत्ना कोंडे मॅडम होत्या. नसरापूरहून रोज येणाऱ्या, वयानं अकिलापेक्षा बारा वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. त्यांनी अकिलाचा प्रोग्रॅम वरून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “हा नुसता प्रोग्रॅम नाही, ही लायब्ररी आहे. जगभर लोकांची यंत्रं याच कारणानं बंद पडतायत. हे सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचं. तुमच्या नावानं.”

“माझ्या कशाला मॅडम? विभागाच्या नावानं टाका. मी परिचर आहे.”

“विभागानं एक ओळ तरी लिहिलीय का?” मॅडम म्हणाल्या. “मग?”

ऑफिसातून एक हरकत आली की काम कॉलेजच्या यंत्रावर झालंय. प्राचार्यांनी फाईल मागवली, रत्ना मॅडमना विचारलं, शिळीमकर सरांना विचारलं, आणि शेवटी अकिलाला बोलावून विचारलं, “यात तुमचं किती?” ती म्हणाली, “सगळं.” आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं मोठं उत्तर तिनं कधी दिलं नव्हतं. प्राचार्यांनी परवानगीच्या पत्रावर सही केली.

लायब्ररीचं नाव तिनं ‘पायवाट’ ठेवलं. कुणीही वापरावी, बदलावी, फक्त लिहिणारीचं नाव राहू द्यावं, असं खाली लिहिलं. घरी सांगितलं तर इस्माईलभाई म्हणाले, “लायब्ररी? पुस्तकं कुठं ठिवली मग?”

“पुस्तकांची न्हाई अब्बा. कसं सांगू... तुमच्या वर्कशॉपात पान्यांची पेटी असायची ना? कुठलाही मेकॅनिक येऊन हवा तो पाना उचलायचा. तसे पाने बनवून ठेवलेत मी. कुणीही उचलावे.”

“आन् परत ठिवतात का?”

“ठेवायची गरज नाही. उचलला तरी पेटीत राहतोच.”

“असली पेटी आमाला न्हाई मिळाली कधी,” इस्माईलभाई म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत चार जणांना सांगून आले की आमच्या अकिलानं न संपणारी पेटी बनवलीय.

पहिले सहा महिने त्या पेटीकडे कुणी फिरकलं नाही. मग ईमेलनं एक पत्र आलं. दक्षिण अमेरिकेतली एक बाई मुंग्यांच्या वारुळांतल्या बोगद्यांचा अभ्यास करत होती. तिचेही ठिपके लाखांच्या घरात, तिचंही यंत्र जुनं. तिनं लिहिलं होतं की गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच मला माझं वारूळ दिसलं. मग केरळातल्या काही जणांनी बसमार्गांसाठी ‘पायवाट’ घेतली. मग आणखी कुणी. मागण्या येऊ लागल्या. बऱ्याच जणांची एकच तक्रार होती: सगळी वळणं दाखवली की चित्र गिचमिड होतं. म्हणून अकिलानं एक नवी सोय केली. मधली वळणं गाळायची, फक्त जिथं फाटे फुटतात ते ठिपके ठेवायचे आणि फाट्यापासून फाट्यापर्यंत एकच सरळ रेघ. चित्र एकदम स्वच्छ. सगळे खूश. शिळीमकर सरांनी याच सोयीनं नकाशा काढून आठ फुटी फ्लेक्सवर छापला आणि म्हणाले, “हा आधी गावांना दाखवायचा. ज्यांच्या वाटा, त्यांनी तपासायच्या. आणि अकिलाताई, तुम्ही यायचं.”

पहिलं गाव हिर्डोशी. मार्चचा महिना होता. सकाळच्या एसटीनं सर, अकिला आणि फ्लेक्सची गुंडाळी, असे तिघे निघाले, असं सरच गमतीनं म्हणत होते. शाळेच्या ओट्यावर नकाशा टांगला. माणसं जमली. बायका घरची कामं टाकून आल्या. जो तो आपली वस्ती शोधून बोट ठेवू लागला. कुणी म्हणालं, “आगं, आपली विहीर बी हाय की!” अकिला एका कडेला उभी राहून एकेक बोट कुठं टेकतंय ते बघत होती. या चित्रातली प्रत्येक रेघ तिच्या हाताखालून गेली होती.

गेनबा नावाचे एक म्हातारे, सत्तरीच्या पुढचे, फ्लेक्सवरच्या रेघांवरून डोळ्यांनीच चालत होते. मग काठीचं टोक एका जागी टेकवून म्हणाले, “हितली एक वाट ऱ्हायली.”

सर पुढे आले. “कुठली बाबा?”

“ह्यो फाटा, आन् ह्यो वरच्या वाडीचा फाटा. तुमी एकच वाट काडलीया. दोन हायेत. वरची आन् खालची.”

“मुलांनी दोन्ही चालल्यात बाबा, मला आठवतंय. असणारच ती.”

“आसंल तर दाकवा.”

दाखवायला काहीच नव्हतं. रेघ एकच होती.

“कुठली हाय ही?” गेनबांनी विचारलं. सरांनी कागद बघून सांगितलं, खालची. म्हातारा हसला नाही. “खालची पावसाळ्यात धरणाच्या पाण्यात जाती. वरची ऱ्हाती. बुडनारी वाट काडली आन् तरनारी सोडली व्हय?”

अकिला पुढे झाली. ती म्हणाली, “बाबा, मला दाखवाल का दोन्ही?”

गेनबांनी तिला नीट न्याहाळलं. “चालशील का, बाय?”

“चालेन.”

तासाभराची चाल होती; सरही बरोबर निघाले. फाट्यावर उभं राहून म्हाताऱ्यानं काठीनं दाखवलं: एक वाट कारवीच्या झुडपांतून वर चढत गेलेली, दुसरी पाण्याच्या कडेनं सपाट. दोन्ही सुटल्या एकाच ठिकाणाहून. वरच्यानं चालत ते वाडीच्या फाट्यावर पोचले तर खालची तिथंच येऊन मिळाली. सुरुवात एक, शेवट एक, मधली चाल वेगळी. आणि त्या फाट्यावर, घाम पुसता पुसता, अकिलाला आपल्या प्रोग्रॅममधली एक ओळ आठवली. मुलं कधी एकच वाट दोनदा चालायची, मग एकाच रेघेवर दुसरी रेघ यायची. ते टाळायला तिनं लिहिलं होतं: दोन टोकं तीच असतील तर रेघ तीच, दुसरी टाकून दे. मधली वळणं होती तोवर ही ओळ बरोबर होती. वळणं गाळायची सोय केली त्या दिवसापासून ती चुकीची झाली. मुलांचं चुकलं नव्हतं, यंत्राचं नव्हतं. तिचं चुकलं होतं.

“सर,” ती म्हणाली, “वाट मी खाल्ली.”

भोरला आल्यावर तिनं आधी मोजलं. दोन तालुक्यांत मिळून अशा एकशे त्र्याहत्तर वाटा गळल्या होत्या. मग तिला वारुळवाली बाई आठवली, केरळची माणसं आठवली. त्यांच्याही चित्रांतून रेघा गेल्या असणार, आणि त्यांना कुणी गेनबा भेटला नसणार.

ओळ दुरुस्त करायला एक दुपार पुरली. दुरुस्त प्रोग्रॅम रत्ना मॅडमनी तपासला, पुन्हा पुन्हा चालवून बघितला. मग त्या सावकाश म्हणाल्या, “नवी आवृत्ती टाकून देऊ. ‘किरकोळ सुधारणा’ एवढं लिहिलं तरी चालतं. बरेच जण तसंच करतात.”

“आणि ज्यांनी जुनी चित्रं छापली असतील ते?”

“ते तुम्हीच ठरवा,” मॅडम म्हणाल्या. अकिला यंत्र बंद करून घरी निघाली. आत्ता कुठं नाव झालं होतं. जगापुढे उभं राहून ‘मी चुकले’ म्हणायचं म्हणजे लोक म्हणणार, परिचर बाईनं लिहिलेलं, असंच असणार.

घरी इस्माईलभाईंनी तिचा चेहरा बघून विचारलं. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी पायजम्याच्या गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “मी नवा व्हतो तवाची गोष्ट. गाडी सुटली घाटाकडं. आन् पाना पुसताना मनात आलं, मागल्या डाव्या चाकाचा येक नट म्या आवळला का न्हाई? आटवंना. साहेबाला सांगितलं तर शिव्या पडनार, नोकरी नवी. पन सांगितलं. पुढच्या थांब्यावर फोन लावला, गाडी हुबी केली, पन्नास मानसं उनात खाली उतरली.”

“मग?”

“नट आवळलेला व्हता. शिव्या पडल्या, पुऱ्या वर्कशॉपात हसू झालं. पन त्या दिसापासून साहेब म्हनायचा, इस्माईलनं गाडी सोडली ना? मग जाऊ द्या, बघायला नको.” मग ते म्हणाले, “तुजा नट तर खरंच सुटलाय, पोरी. फोन लाव.”

दुसऱ्या दिवशी तिनं सूचना लिहिली. इंग्रजी तिचं मोडकंतोडकं. मॅडमनी दोनच शब्द बदलले, बाकी तसंच ठेवलं. सूचनेत लिहिलं होतं: या तारखेपासून या तारखेपर्यंतच्या पायवाटच्या सगळ्या आवृत्त्यांत मोठी चूक आहे. वळणं गाळायची सोय वापरली असेल तर दोन फाट्यांमधली एकापेक्षा जास्त जोडणी गळली आहे. चूक माझी आहे. तुमची जुनी चित्रं पुन्हा काढा. किती रेघा गळल्या ते मोजून देणारा छोटा प्रोग्रॅम सोबत जोडला आहे. ही चूक पुणे जिल्ह्यातल्या हिर्डोशी गावच्या गेनबांनी शोधली. आणि खाली पूर्ण नाव: अकिला इस्माईल मणेर. नुसती सूचना लावून ती थांबली नाही. जे जे वापरतात असं माहीत होतं त्या चौदा ठिकाणी तिनं स्वतंत्र पत्रं पाठवली.

पाच दिवस काहीच आलं नाही. ती कापडं काढत होती, घड्या घालत होती, आणि दर तासाला ईमेल उघडून बघत होती.

सहाव्या दिवशी वारुळवालीचं उत्तर आलं. तिची तीन आठवड्यांची चित्रं वाया गेली होती, आणि ते तिनं स्पष्ट लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं की गळलेले बोगदे परत आल्यावर मुंग्यांचं वारूळ वेगळंच दिसतंय. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला मुंग्या मुद्दाम दोन-दोन रस्ते ठेवतात, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून, असा तिला आता संशय येतोय. ‘मी वीस वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं वापरतेय. चूक मला आधी कळते आणि लिहिणाऱ्याला नंतर. आज पहिल्यांदा उलटं झालं. यापुढे माझं सगळं काम पायवाटनंच होईल.’ केरळच्या लोकांनीही आभार मानले आणि त्यांच्यातल्या एकानं अकिलाच्या प्रोग्रॅमसाठी शंभरावर तपासण्या लिहून पाठवल्या, म्हणजे पुन्हा अशी रेघ गळली तर प्रोग्रॅमच ओरडेल. त्या वर्षात चौदाच्या दोनशे जागा झाल्या. नव्या येणाऱ्यांपैकी बरेच जण लिहायचे की आम्ही ती सूचना वाचली, म्हणून ही लायब्ररी निवडली.

अकिलानं ते वारुळवालीचं पत्र मराठीत करून अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “परत वाच.” तिनं परत वाचलं. मग ते उठून शेजारच्या घरी गेले आणि शेजाऱ्यांनाच घेऊन आले. तिसऱ्यांदा वाचावं लागलं.

नवा नकाशा पावसाळ्याच्या आत छापून झाला. त्यात एकशे त्र्याहत्तर जागी शेजारी शेजारी दोन-दोन रेघा होत्या; जिथं एक बुडते तिथं ती निळ्या रंगात, राहणारी लाल. त्याची प्रत तहसील कचेरीत गेली, आरोग्य केंद्रात गेली. जुलैत हिर्डोशीच्या अलीकडे दरड येऊन रस्ता आठ दिवस बंद होता. गावाला नकाशाची गरज नव्हती; गावाला वाटा पाठ आहेत. गरज होती ती बाहेरून येणाऱ्यांना. औषधं घेऊन आलेलं पथक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं होतं, त्यातलं कुणी या डोंगरात कधी आलं नव्हतं. ते लाल रेघेवरून चढले आणि दुपारच्या आत वरच्या वाडीत पोचले. वाडीतली आशा आरोग्यसेविका मंगल त्यांना बघून चकित झाली. “तुमाला वरची वाट कुनी सांगितली?” पथकातल्या डॉक्टरांनी घडी घातलेला कागद दाखवला. मंगलनं शिळीमकर सरांना फोन करून हे सांगितलं, सर लॅबमध्ये येऊन अकिलाला सांगून गेले. भर प्रॅक्टिकल चालू होतं. तिनं ऐकलं, मान हलवली, आणि कपाटामागं जाऊन ओढणीनं डोळे पुसले. मुलांना वाटलं, धूळ गेली असेल.

पुढच्या हिवाळ्यात पुण्यात पायथनवाल्यांचा एक मेळावा होता, तिथं तिला बोलायला बोलावलं. इंग्रजीत जमणार नाही म्हणाली, तर ते म्हणाले मराठीत बोला. अर्धा तास ती बोलली. कोऱ्या बारा जागांची गोष्ट सांगितली, लाईटची सांगितली, आणि सगळ्यात जास्त वेळ आपल्या चुकीबद्दल बोलली. इस्माईलभाई इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना संगणकाचे शब्द फारसे कळले नाहीत. पण आपल्या पोरीनं चूक सांगितली तेव्हा तीनशे माणसांचा हॉल एकदम शांत झाला, हे त्यांनी पाहिलं. आणि संपल्यावर सगळे उभे राहिले, हेही. शेजारचा एक तरुण त्यांना म्हणाला, “काका, आमच्या कंपनीत रोज वापरतो आम्ही हे.” इस्माईलभाईंनी त्याला विचारलं, “आवाज करत न्हाई ना?” तो म्हणाला, “अजिबात नाही.” “मग ठीक,” ते म्हणाले. उत्तम इंजिनाची त्यांची तीच एक खूण होती.

पदाचं म्हणाल तर ते बदललेलं नाही. पदवी नाही, त्यामुळे नियमात बसत नाही. अकिला अजून परिचरच आहे आणि यंत्रांवरची कापडं अजून तीच काढते. तिला त्यात कमीपणा वाटत नाही. पण या जूनपासून रत्ना मॅडमनी वेळापत्रकात एक गोष्ट घातली आणि प्राचार्यांनी ती मंजूर केली. दर मंगळवारी अकरा ते एक, तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल, आणि पुढे शिक्षकाच्या रकान्यात: अ. इ. मणेर.

पहिल्या मंगळवारी ती खोलीच्या पुढच्या बाजूला, फळ्यापाशी उभी राहिली. चव्वेचाळीस मुलं-मुली बसली होती. हात यंत्रांकडे गेले तशी ती म्हणाली, “थांबा. यंत्र नंतर. आधी कागद घ्या, आणि तुमच्या घरापासून कॉलेजापर्यंत यायच्या सगळ्या वाटा काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या. तुम्ही कधी गेला नसाल त्यासुद्धा.”

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, ज्या माहीतच नाहीत त्या कशा काढायच्या?”

“घरी जाऊन विचारा,” अकिला म्हणाली, “आणि पुढच्या मंगळवारी घेऊन या.”